निवत जाणं

एल्गोइबारच्या शेडमध्ये एकतीस यंत्रं.
बत्तिसावी भट्टी. ती हलत नाही.
तिच्याखाली बिशेन्तेच्या वडिलांनी ओतलेलं काँक्रीट आहे,
कडेला त्यांच्याच बुटाचा ठसा.
मी फाईलमध्ये लिहिलं: भट्टी, स्थिर.

बाकी सगळं सुटं.
कुठून कुठे किती क्रेट जातात, दिवसातून किती खेपा,
आठवडाभर हातात क्लिकर घेऊन मी लोकांच्या मागे फिरले.
खोशेपा म्हणाली, तू माझी पावलं मोज, मी तुझी मोजते.
शुक्रवारी आमचे आकडे जुळले नाहीत.
तिचा बरोबर होता.

एकतिसाला तिसाने गुणा, मग एकोणतिसाने, असं एकापर्यंत.
इतक्या तऱ्हांनी हे शेड मांडता येतं.
चौतीस आकडी संख्या,
आणि आजवर कुणी फक्त एक मांडणी पाहिलेली,
तीही ट्रक ज्या दिवशी जसे आले तशी.

रात्री देबा नदीच्या बाजूच्या खोलीत लॅपटॉप घुमतो.
दोन यंत्रांची अदलाबदल करून बघतो.
चालणं कमी झालं, ठेवतो.
वाढलं, तरी कधी कधी ठेवतो.
सुरुवातीला तापमान चढं असतं, चुकाही खपतात,
मग हळूहळू निववत न्यायचं,
शेवटी तो एकही तोटा सोसत नाही.

हे बिशेन्तेला सांगितलं तर त्याने हातमोजे काढले.
हे तर माझंच काम, म्हणाला.
घाईने निववलेलं पोलाद वरून छान दिसतं,
आत ताण धरून बसतं.
तू किती वेगाने निववतेस?
दर पायरीला अर्धा टक्का, मी म्हटलं.
तो हसलाच.
फार झालं पोरी, फार झालं.

चाळीस मिनिटांचं काम मग दोन रात्री चाललं.
दिवसाचे सत्तावन्न किलोमीटर छत्तिसावर आले.

नकाशा भिंतीवर लावला.
नेकाने बराच वेळ बघत उभी राहिली,
मग बोटाने दाखवलं: इथून मला शाबात दिसणार नाही.

नेकानेला अकराव्या वर्षापासून ऐकू येत नाही.
डोक्यावरून क्रेन ओझं घेऊन निघाली
की प्रेसवरचा शाबात डावं कोपर वर करतो,
ती बाजूला होते.
एकोणीस वर्षं.
दोघांमध्ये एकही क्रेट जात नाही.
तक्त्यात त्या घरात मी शून्य लिहिलं होतं,
आणि ते शून्य खोटं नव्हतं.

एका नजरेचे किती क्रेट धरायचे?
कागद पुढे केला. तिने लिहिलं, सगळे.
मग माझ्याकडे पाहून खोडलं,
लिहिलं, चाळीस. घासाघीस चालेल.
मी चाळीसच धरले.
नऊशे मीटर वाढले.

इथे मालक नाही; म्हणजे एकसष्ट आहेत.
चव्वेचाळीस हात बाजूने वर झाले, सतरा विरोधात.
सतरांत खोशेपा. तिची लेथ खिडकीपासून लांब जाते.
खिडकी मी कुठेच लिहिली नव्हती.
तिने मला तसं म्हटलं नाही.
कॉफीचे पैसे तेवढे दिले नाहीत त्या दिवशी.

ऑगस्टच्या सुट्टीत यंत्रं रुळांवर चढवून सरकवली.
जुन्या जागी फरशीवर फिकट चौकोन उरले,
तेलाच्या काळ्या चौकटीत.

सप्टेंबरात मी परत आले, मोजायला.
मिलिंग मशीन जिथे होतं तिथे आता काही नाही,
सरळ मोकळी वाट.
खोशेपा क्रेट घेऊन आली
आणि त्या नसलेल्या मशीनला वळसा घालून गेली.
तिच्यामागून शाबात, तसाच.
मागोमाग गेल्याच महिन्यात लागलेला एक पोरगा,
त्याने तर ते मशीन कधी पाहिलंही नव्हतं.

माझं बोट क्लिकरवर.
बिशेन्ते भट्टीपाशी होता, नेहमीच्या जागी.
राहू दे, म्हणाला.
अजून गरम आहेत ते.