गयाथी, प्लॉट सात

पहाटे साडेपाचला, वाळू अजून गार असते तेव्हा
मी ऑगर फिरवायला घेतो.
झाडांत नंतर. आधी कुंपणाबाहेर,
उघड्या टेकाडावर, जिथे कुणी काही लावलेलं नाही.

वीत, दोन वीत : पिठासारखी,
पाडलेल्या भोकात पुन्हा ढासळणारी.
हातभर खाली गेलं की रंग बदलतो.
मूठ आवळली की वाळू
बोटांचे ठसे धरून बसते.
दोन हिवाळ्यांमागे एका रात्री आलेला पाऊस
अजून इथेच आहे.
कोरडा थर त्याच्यावर ताटली ठेवून गेलाय,
विरजणावर ठेवतात तशी.

दिलमुराद पंपवाला बलुची हिंदीत विचारतो,
जिथे काहीच नाही तिथे ओल,
मग झाडांखाली तर तळं असेल?
चल, म्हणतो मी, दाखवतो.

ओळीत घाफ, ओळीत बोरी, ओळीत बाभळी,
सहा-सहा मीटरवर, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या.
ड्रिपच्या तोंडाशी भाकरीएवढी ओल,
तिला मिठाची पांढरी किनार.
त्याखाली चार फुटांवर काही नाही.
सहा फुटांवर नाही.
आठ फुटांवर ऑगर अडतो,
वर येतं करंगळीएवढं मूळ,
पाणी नाही म्हणून परत न फिरलेलं.

घाफ म्हणजे आपल्याकडची शमी.
हे मला इथे येऊन दुसऱ्या वर्षी कळलं.
दसऱ्याला तिची पानं वाटायचो,
पांडवांनी हिच्या फांद्यांत शस्त्रं लपवली, सांगायचो.
हिची स्वतःची शस्त्रं
जमिनीखाली आहेत, हे कुणी सांगितलं नव्हतं.

वहीत लिहितो :
उघडी वाळू, साडेचार टक्के.
जंगल, एक पूर्णांक एक.
हिरव्या पाटीखाली बसून लिहितो,
पाटीवर दोन भाषांत लिहिलंय, झाडे लावा.

खल्फानने ही झाडं लावली, सत्त्याऐंशी साली,
टँकरच्या मागे चालत.
तो म्हणतो, आधी दर शुक्रवारी
वाळू रस्ता गिळायची,
आता गिळत नाही, हे तुझ्या वहीत कुठे येतं?
येत नाही. त्यासाठी रकाना नाही.
मग तोच, बऱ्याच वेळाने :
तेव्हा विहिरीला अठरा वाव दोर लागायचा.
आता दोर नाही, मोटार आहे,
आणि चहाला खारट चव आहे.

कागद बुधवारी आला.
रविवारपासून प्लॉट सातचे व्हॉल्व्ह बंद.
दिलमुरादने चावी फिरवली, हात पँटला पुसले.
पाइपातलं उरलेलं पाणी
थोडा वेळ थेंबथेंब येत राहिलं,
कुणाच्या तरी ध्यानात न आल्यासारखं.

बोरी आधी गेल्या. पानं कुरकुरीत,
पक्ष्यांनी शेवटची फळं हिरवीच खाल्ली.
बाभळींनी निम्म्या फांद्या सोडल्या.
घाफ मात्र जसा होता तसा,
थोडा खरखरीत, बोलायला नको असलेला.

मग एक पाऊस आला, चौदा मिलिमीटर,
आणि फेब्रुवारीत, मेलेल्या बोरीखाली,
तीन फुटांवर
वाळूचा रंग बदलला.

मी जवळपास ओरडलोच.
दिलमुराद धावत आला, साप आहे का बघायला.
मूठ उघडून दाखवली : चार बोटांचे चार ठसे.
आणि मग वर बघितलं,
त्या वाळक्या खोडाकडे,
आणि मूठ कुठे ठेवावी कळेना.

खल्फानने ती माझ्या हातातून घेतली.
नाकाशी धरली, डोळे मिटून.
मग वाकून, गुडघ्यावर हात देत,
भोकात परत सोडली,
वरून कोरडी वाळू लोटली, चपलेने दाबली.
झाकून ठेव, म्हणाला.
उद्या ऊन आहे.