मीठदाणी

कागद उडू नयेत म्हणून
वर्ना हॉगनने त्यांवर मीठदाणी ठेवलीय.
खिडकीबाहेर डुलुथचं सरोवर काठाकाठाने गोठतंय.

ए म्हणजे इस्पितळातली खाट.
बी म्हणजे डॉक्टर, हप्ता पेन्शनीतून परस्पर.
डी म्हणजे गोळ्या.
सी काय, ते तिसऱ्यांदा सांगताना
फोनवरचा पोरगा दमला. ती नाही.
शाळेच्या भटारखान्याचा हिशेब
तिने एकतीस वर्षं ठेवलाय,
पाव इकडचा तिकडे झाला नाही.

पेन्सिल फिरवत ती कागदालाच विचारते:
दात कुठायत यात?
कान? चष्मा?
म्हणजे आजारी पडायचं ते
डोळे-कान-जबडा घरी ठेवून.

उशीर केला तर दंड, तोही जन्मभर.
‘जन्मभर’खाली रेघ मारून ती हसते:
असा उरलाय तरी किती?

ऑर्विन गोळ्या अर्ध्या करायचा
पावाच्या सुरीने, ती झोपल्यावर.
सकाळी ओट्यावरची पांढरी पूड
ती मीठ समजून पुसायची.

डीच्या चौकोनात ती खूण करते
इतकी दाबून
की खालच्या कोऱ्या पानावरही उमटते.