गौण विषय

सास्काटूनला मार्चमध्येही नदी गोठलेलीच असते.
चार नंबरच्या खिडकीत मी एकोणीस वर्षं बसते आहे.
माझ्याकडे एक शिक्का,
तारखेची चाकं बोटानं फिरवायची.

ओरिसिया ह्नाट्युकचा पहिला अर्ज अजून आठवतो :
मुख्य विषय, मृदाशास्त्र.
गौण विषय, नीतिशास्त्र.
"बरंय," मी म्हटलं,
"जगानं कधीचंच ठरवून टाकलंय ते, तू निदान लिहून तरी देतेस."
ती हसली. पुढच्या दातांत फट.

मग दोन वर्षं दिसायची ती
इमारती जोडणाऱ्या काचेच्या पुलांवरून पळताना,
कोट काखेत, बुटांना कुठल्याशा शेतातली माती.
एकदा परिचारिकांच्या वर्गाकडे, एकदा यंत्रवाल्यांच्या.
एकदा खिडकीशी थांबून म्हणाली,
"पशुवैद्यकांकडे आज एका म्हाताऱ्या घोडीवर चर्चा होती.
पाय मोडलाय. मालक म्हणतो वाचवा.
घोडी काही म्हणत नाही.
तासभर कुणाला बोलवेना.
आणि नंतर वाणिज्य शाखेत,
बाई, सगळेच बोलत होते!"

यंदा तिचा अर्ज एक दिवस उशिरा आला.
बस बर्फात रुतली होती, चेहराच सांगत होता.
मी सवयीनं चाक मागे घेतलं,
अठराचे सतरा.
कुणाच्या बापाचं काय जातं?

काचेखालून हात घालून
तिनं अर्ज धरून ठेवला.
आता ऐका प्रवचन, मी मनात म्हटलं.
पण किती वाजले विचारावं तसं तिनं विचारलं,
"हे तुम्ही कुणाकुणासाठी करता?"

कुणाकुणासाठी.
जे रडतात त्यांच्यासाठी.
ज्यांना अजिजी नीट जमते.
ज्यांच्या आया फोन करतात.

गेल्या शरदात उत्तरेच्या तळ्यांकडचा एक मुलगा आला होता,
टोपी हातात धरून, गप्प.
तेरा मिनिटं उशीर.
मी पाटीकडे बोट दाखवलं.
तो "बरं" म्हणाला आणि गेला.
त्याचं नाव आठवत नाही.
त्याच्या ओल्या बुटांचे ठसे
दुपारपर्यंत फरशीवर होते, ते आठवतात.

रांग वाढत होती. शिक्क्यावरची शाई सुकत चालली होती.
ओरिसिया थांबली होती,
उत्तर ठाऊक असणाऱ्या माणसासारखी नाही.

"पाच मिनिटं," मी म्हटलं,
खिडकीचा पडदा ओढला,
आणि खालच्या कपाटातून
गेल्या शरदातल्या नामंजूर अर्जांचा गठ्ठा
बाहेर काढला.