ब्रेक आधी

सात महिने झाले, फोंड्याला आग्नेलच्या शेडमध्ये
बाबांची फियाट ठोकळ्यांवर उभी आहे,
दंतवैद्याने आ करायला सांगून
जेवायला निघून जावं, तशी.

जिप्सीचं इंजिन आणलं उसगावच्या भंगारातून.
खाणीवर राबलेलं. डिझेलने तीनदा धुतलं, तरी
बोल्ट सैल केला की चिमूटभर लाल माती सांडतेच.

चार बोटं लांब निघालं.
"पात्रांव, गाडी कापची पडटली."
मी चहाला गेलो, तेव्हा त्याने ग्राइंडर लावला.
प्रॉपेलर शाफ्ट कुंडईच्या लेथवर आखूड झाला,
माउंट वेल्ड केले, तोडले, पुन्हा वेल्ड केले;
एकदा तर केवळ माझ्या हट्टापायी.

जुनं इंजिन फणसाखाली, गोणपाटात.
वास्को-फोंडा, एकवीस वर्षं टॅक्सी;
मीटर कधीच टाकला नाही.
आता कार्बोरेटरमधून मुंग्यांची ये-जा.

काल चावी फिरवली.
तिसऱ्या खेपेला धरलं. पत्रे थरथरले, कोंबड्या पळाल्या,
आग्नेल टॅपेटला कान लावून बसला.
आवाज परका.
मी हॉर्न दाबला, एकदाच,
फाटकापाशी बाबा दाबायचे तेवढाच. तोच घोगरा.

"हॉर्न बदलूं?" आग्नेलने विचारलं.
"ब्रेक आधी," मी म्हटलं.