सातवी फेरी

जागा पाच, उभे चौदा.
शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली
मॉसी क्विल बाद झाला.

आता त्याची दोनशे बारा मतं
पुन्हा उलगडतायत
दुसरी पसंती बघायला.
मॉसी कठड्याला टेकून.

एकशे चाळीस तर हॅनिफीनकडेच चालली,
ज्याच्याशी कुंपणावरून
अकरा वर्षं बोलणं नाही.
म्हणजे गावाला आम्ही
एकाच दावणीचे वाटतो?

एका कागदावर नुसताच एकचा आकडा,
पायाशी आडवी रेघ,
घरातल्या जॅमच्या बरण्यांवर असते तशी.
खाली सगळे चौकोन कोरे.
"हे मत पुढे जात नाही,"
मोजणारा म्हणाला, बाजूला ठेवलं.

बाहेर गाडीत असुम्प्टा, इंजिन चालू.
"हॅनिफीन आला?"
"आला. आपल्याच मतांवर."
तिनं वायपर लावले.
पाऊस नव्हता.