निशाणी डावा अंगठा

हार्लेमला, संग्रहालयाच्या मागच्या खोलीत,
मारीत्ये पेटी उघडते.
आत तळहाताएवढा कागद:
वाळूची टेकडी, कलंडलेलं फाटक,
आणि फाटकापलीकडे काहीच नाही.
म्हणजे आभाळ.

ह्याचे जगात तीनच ठसे.
एक ड्रेस्डेनला, बॉम्बवर्षावात गेला;
सूचीत त्याचा अर्ध्या ओळीचा मजकूर उरलाय.
दुसरा एका सावकाराच्या तिजोरीत,
तो विकत नाही, दाखवतही नाही.
तिसरा हा.

पुठ्ठ्यावर शंभर वर्षांची पेन्सिल.
‘खुद्द येरोन फान ड्रील.’
खाली दुसरा हात: ‘छे! शिष्य.’
त्याखाली, अगदी बारीक:
‘मग शिष्यच बरा होता.’

लेडनहून ओटगर आलेत, ओला कोट न काढताच
कागद उजेडाकडे धरतात.
पोटात विदूषकाची टोपी, पाच टोकांची.
‘गुरूचाच कागद!’
मारीत्ये म्हणते, घरातला कागद
घरातल्या कुणालाही मिळे.

ती आरसा आणते.
छापात सगळं उलटं येतं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक.
कागदावर उजवीकडे झुकलेल्या रेघा
आरशात डावीकडे झुकतात.
येरोन उजवा होता.
ओटगर चष्मा पुसतात. बराच वेळ पुसतात.

मग कोपऱ्यातला तो डाग,
ज्याला सगळे आजवर डागच म्हणाले:
मेणाचा थर पुरता सुकायच्या आत
पत्रा आम्लात सोडताना टेकलेलं बोट.
आम्लाने एकेक वळण इमानाने खाल्लंय.
अंगठा. लहानसा.

येरोनच्या खर्चाच्या वहीत त्याच हिवाळ्यात
‘मुलीच्या हाताला मलम, दोन स्टायव्हर.’
मुलगी म्हणजे लेक की मोलकरीण,
त्यांच्या भाषेत तेव्हा दोन्हीला एकच शब्द.

आपल्याकडे जुन्या खतावर
सही न येणाऱ्याच्या अंगठ्याशेजारी
कारकून लिही: निशाणी डावा अंगठा,
आणि पुढे त्या माणसाचं नाव, आणि खाली, दस्तुर, स्वतःचं.
इथे दस्तुर लिहायला
शंभर वर्षांत किती जण वाकले.

नाव गेलं की किमतीतली दोन शून्यं जातात,
हे दोघांनाही माहीत आहे.
ओटगरना साडेपाचची गाडी गाठायचीय.

मारीत्ये पेन्सिलीला टोक करते,
पुठ्ठ्यावर जागा शोधते,
आणि नुसताच
आपला अंगठा त्या अंगठ्यावर
न टेकवता
धरून बघते.
तिचा मोठा आहे.