शेड कितीला पडली?

शेड कितीला पडली, विचारतोस नरहरी?
पडली नाही रे. उभी आहे अजून,
अक्कलकोट रोडला, गाळ्यांच्या शेवटच्या ओळीत,
फक्त पश्चिमेच्या अंगाला जरा
कंबर धरल्यासारखी.

बस. पंख्याखाली नको, या दाराशी बस.
हे दार शेडबरोबर आलं नव्हतं,
नंतर पत्रा कापून काढलंय.
कोटेशनमध्ये एकच दार, माणसाएवढं,
आणि तुझे बावा खूश: बघ, भाव किती उतरवला!
बीम आत न्यायची वेळ आली तेव्हा
सहा हमाल बीम खांद्यावर घेऊन
वेशीवर अडवलेल्या वरातीसारखे बाहेर.

तीन कोटेशनं आली होती.
आम्ही चौरस फुटाचा आकडा तेवढा वाचला,
लग्नपत्रिकेत मुहूर्त तेवढा वाचतात तसा.
सगळ्यात स्वस्त होतं त्यात
नट-बोल्ट नव्हते. पन्हळ नव्हती.
क्रेन नव्हती, ट्रकचं भाडं नव्हतं.
पत्रा होता, पण किती जाडीचा ते नव्हतं.
घोलपसाहेबांना विचारलं तर म्हणाले,
'स्टँडर्ड, वहिनी, स्टँडर्ड.'
स्टँडर्ड म्हणजे काय ते पुढे कळलं:
वर कावळा बसला
तरी खाली कामगार मान वर करायचे.

तुझा प्लॉट कुठला, चिंचोळीचा?
जमीन काळी आहे ना? मग ऐक.
यल्लप्पा गवंडी म्हणाला होता,
'अक्का, ही माती श्वास घेती.
उन्हाळ्यात भेगेत हात जातो, पावसात फुगती.
मुरूम लागेस्तोवर जाऊ द्या खाली.'
आम्ही म्हटलं, पत्र्याची तर शेड, हलकी,
हिला कशाला एवढा पाया?
हलकी म्हणूनच रे.
वारा हिला दाबत नाही,
उचलायला बघतो.

आणि बोल्ट.
बावीस खांब, प्रत्येकाला पायात पुरलेले चार.
ट्रक आला, क्रेन आली, तासाचं भाडं सुरू झालं,
रियाज फिटरनं पहिला खांब खाली सोडला
आणि ओरडला, 'बसत नाय!'
दोन बोटं. फक्त दोन बोटं.
यल्लप्पानं पहिल्या नकाशावरून पाया ओतला होता.
दुसरा नकाशा घोलपांनी पाठवलेला,
तो तुझ्या बावांच्या मोबाइलमध्ये, न उघडलेला,
कुणाच्या तरी बारशाच्या फोटोंखाली.

माणूस कोण?
हजारो तारांतली एक तुटलेली तार
लाइट गेली तरी बोटानं शोधणारा.
त्या दिवशी क्रेनच्या सावलीत बसून राहिले,
दोन बोटं लांब करत,
पुन्हा जवळ आणत.
मी काही बोलले नाही.
न बोललेलं अजून आहे माझ्यापाशी,
कधी कधी चहा उकळताना वर येतं.

उंचीचंही तसंच. कागदावर चौदा फूट.
ते चौदा कडेच्या पत्र्यापर्यंत;
आत तुळईचा कोपर खाली उतरतो,
त्याच्याखाली मोकळं किती उरतं
हे विचारायचं असतं, हेच माहीत नव्हतं.
दोन जकार्ड अजून मान वाकवून उभी आहेत.

दुपारी दोनला सूत तुटायला लागतं. ऐकू येतंय?
धोटे थांबले बघ ओळीनं.
पत्र्याखाली अस्तर नंतर घालू म्हटलं होतं.
नंतर घालायचं तर सगळे माग बंद ठेवावे लागतात,
आणि माग बंद ठेवायला
कोणाच्या घरी नंतर असतं?

ते कोटेशन ठेव खाली. ही सुतळी घे.
गाठ तुझ्या बावांनीच मारलीय:
जमिनीपासून जकार्डच्या टोकापर्यंत,
वर तेल घालायला माणूस ओणवा होईल
तेवढी जागा धरून.
घोलपांच्या टेबलावर ही मोकळी सोड
आणि ते काय म्हणतात ते लिहून घे,
त्यांच्याच अक्षरात, सहीसकट.

आणि हो, उत्तरेची भिंत
पुढे उकलता येईल अशी सांग,
दोन गाळे वाढवता येतील अशी.
आम्ही नाही सांगितलं.
आम्हाला वाटलं,
आपल्याला एवढं मोठं
कशाला लागतंय.